घरची गाडी : आधी निधान, मग निदान

सीमाभागातल्या घरांना माळवा परका नाही. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने, त्यामुळे तिकडची मराठी घरे पिढ्यान् पिढ्यांची. आपल्या सुळेभावीत जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, १९४८ मध्ये देवासला गेले आणि तिथलेच झाले. ज्यांची तिकडे सोयरीक आहे, ती मंडळी आता लग्नकार्याला स्वतःची गाडी काढून जातात. धुळे, सेंधवा मागे टाकायचे, खलघाटला नर्मदा ओलांडायची आणि धरमपुरीवरून मनावर गाठायचे. मनावर धार जिल्ह्यातच असले तरी विंध्याच्या खाली, निमाडात. उन्हाळा कडक, गाडी सामानाने आणि माणसांनी भरलेली.

अशा वाटेवर चालती गाडी एकाएकी बंद पडते. आचका नाही, धूर नाही. दिवा लागावा तसे काही आधी कळतही नाही. मग घरातले सगळे एकच सांगतात, ‘पुन्हा एकदा सेल्फ मारून बघ.’ आजचा लेख या एका वाक्यासाठी आहे. टायमिंग बेल्टचा टेन्शनर गेला असेल, तर सेल्फचा प्रत्येक झटका खर्च वाढवू शकतो.

हा टेन्शनर म्हणजे आत बेअरिंग असलेली मुठीएवढी चाकी. खाली क्रँक फिरतो आणि पिस्टन वरखाली होतात. वर कॅम फिरतो आणि वॉल्व्ह उघडतात, मिटतात. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक, हा हिशेब दातेरी पट्टा सांभाळतो आणि पट्ट्याचा ताण टेन्शनर सांभाळतो. बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि उघडा वॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात. लेझीमच्या फेरीत एकाचा ठेका चुकला की लेझीम शेजाऱ्याच्या हातावर बसते, तसे हे आहे. चाकी ढिली झाली, पट्टा चार दाते घसरला की पिस्टन वॉल्व्हवर आदळतो. पट्टा तुटायलाच हवा असे नाही. पट्टा धडधाकट दिसतो आणि आत वॉल्व्ह वाकलेले असतात, म्हणून अनेकजण फसतात.

जुन्या ॲम्बॅसडर आणि पद्मिनीत ही कामगिरी साखळीकडे होती. रबरी दातेरी पट्टा विक्रीच्या मोटारीत पहिल्यांदा आणला जर्मनीच्या ग्लास कंपनीने, १९६२ मध्ये. आपल्याकडे मारुती ८०० बरोबर तो घरोघर आला. डस्टरच्या दीड लिटर डिझेल इंजिनात पट्टा आहे, तर स्विफ्टच्या १.३ डिझेलमध्ये साखळी. आपल्या गाडीत काय आहे, आणि पट्टा किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. यातली वर्षे महत्त्वाची. गाडी दारात उभी राहिली तरी रबर वाळते आणि बेअरिंगमधले ग्रीसही म्हातारे होते.

आपल्या घरांत कन्नड आणि मराठी दोन्ही नांदतात, म्हणून सांगायला सोपे जाते. कन्नडमधले ‘निधान’ म्हणजे सावकाश, धीराने. मराठीतले ‘निदान’ म्हणजे दुखण्याचे मूळ शोधणे. गाडीच्या बाबतीत आधी निधान, मग निदान.

निधान असे. गाडी कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, मुलाबाळांना रस्त्यापासून दूर बसवा. सेल्फ मारू नका, ढकलून चालू करू नका. एकदा मारून झालाच असेल तर आवाज आठवून ठेवा. नेहमीच्या जड ‘घुर्र-घुर्र’ऐवजी मोटर हलकी, भरभर फिरली असेल, तर इंजिनात दाब धरत नाही आणि संशय टायमिंगवर जातो. गाडी टो करून गॅरेजला न्या आणि मेकॅनिकला आवाजाचे हेच वर्णन सांगा.

निदान पायरीपायरीने होते. पहिल्यांदा पट्ट्याचे वरचे झाकण काढून पाहतात. पट्टा ढिला आहे का, दाते झिजले आहेत का, चाकी डगमगते का, ऑइल किंवा कुलंट गळून पट्टा भिजला आहे का. मग क्रँक पान्याने, हाताने, हळूहळू फिरवतात. कुठे अडला तर जोर करायचा नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक पिस्टनच्या वरच्या टोकापासून पाव फेरा मागे घेतला की चारही पिस्टन अधेमध्ये येतात. मग कॅम फिरवला तरी टक्कर होत नाही. खुणा जुळवून पट्टा तात्पुरता बसवतात आणि एकेका सिलिंडरचे दोन्ही वॉल्व्ह मिटलेले असताना त्यात कॉम्प्रेसरची हवा सोडतात. हवा सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्टचा वॉल्व्ह वाकला, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेकचा, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगांकडे पाहायचे. ही तपासणी हेड न उतरवता होते. सगळी सिलिंडरे दाब धरत असतील तर नशीब थोर. पट्ट्याचे काम करून गाडी निघते. काही इंजिनांत पिस्टनला वॉल्व्हपुरती मोकळी जागा असते, ती अशी वाचतात. डिझेलमध्ये ही जागा अगदीच कमी, म्हणून तिथे आशा थोडी.

दाब गेला असेल तर हेड उतरवण्याला इलाज नाही. मग कामात काटकसर नको. वाकलेला वॉल्व्ह ठोकून सरळ करत नाहीत, नवा घालतात आणि बैठकीवर घासून बसवतात. त्याचे गाइड तडकले आहे का, रॉकर मोडला आहे का, पिस्टनच्या माथ्यावरची खूण नुसता ओरखडा आहे की खड्डा, हे पाहावे लागते. हेडची पातळी सरळ पट्टी ठेवून तपासतात. गॅस्केट नवे, आणि कंपनीने सांगितले असेल तर हेडचे बोल्टही नवे, तेही टॉर्क पान्याने, ठरलेल्या क्रमाने आवळायचे. पट्ट्याबरोबर टेन्शनर, दुसरी चाकी आणि पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंप एकदमच बदलावा. शेवटी सेल्फ मारण्याआधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायचे. हे दोन फेरे कुणी टाळत असेल तर तिथेच थांबवा.

परगावी खरा प्रश्न पडतो तो विश्वासाचा. लग्न परवावर, हातात पैसे मोजके, आणि मेकॅनिक अनोळखी. पण गाव लहान म्हणून कारागीर कच्चा, असे समजू नका. याच धार जिल्ह्यात पिथमपूरला मोटारींचे कारखाने आहेत आणि २०२१ पासून ११.३ किलोमीटरची वेगचाचणीची धावपट्टी आहे. माणूस पारखायला तीन प्रश्न पुरे. हेड उतरवण्याआधी हवा सोडून तपासणार का? जुने भाग परत दाखवणार का? लेथवर काम कुठे करून घेणार? सरळ उत्तरे देतो त्याच्याकडे गाडी सोपवा आणि लग्नाला बसने किंवा पाहुण्यांच्या जीपने जा. घाईचे काम करून घेतलेली गाडी परतीच्या घाटात पुन्हा अडवते.

आणि निघण्याआधीचे थोडेसे. सकाळी गार इंजिन चालू करताना पट्ट्याच्या बाजूने बारीक किणकिण किंवा शीळ ऐकू येते का? जुनी गाडी घेतली असेल तर पट्टा कधी बदलला याची पावती आहे का? पावती नसेल तर बदललाच नाही असे धरून चाला. गेल्या वेळी पट्टा बदलला पण चाकी जुनीच ठेवली, असे कुणी सांगितले तर ते काम अर्धेच झाले आहे. नव्या पट्ट्याचा ताण जुन्या बेअरिंगवर पडतो आणि ती पुढच्या पट्ट्यापर्यंत टिकेल याची हमी कुणी देत नाही.

चाकीचा खर्च इंजिनाच्या खर्चापुढे किरकोळ आहे. प्रवासाची पिशवी भरण्याच्या आठवडाभर आधी गाडी गॅरेजला दाखवा, आदल्या दिवशी नव्हे.