उंबरठ्यावरून

यंदाच्या अंकासाठी बुरख्यावरच्या लेखांचा ढीग आला. पोस्टाने, मेलवर, एक तर थेट घरी. लिहिणारे झाडून सगळे पुरुष. अर्ध्यांना तो फाडायचा आहे, अर्ध्यांना जपायचा आहे, आणि घालणाऱ्या बाईला विचारायला कुणालाच सवड नाही. त्यातला एकही आम्ही छापलेला नाही. लेखकांनी राग मानू नये. मानला तरी हरकत नाही.

२०२४ हे वर्ष तसं भरगच्च गेलं. लोकसभा झाली, विधानसभा दारात आली, मराठी अभिजात ठरली, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ब्राँझ जिंकलं. त्याच पॅरिसात यजमान फ्रान्सने आपल्या खेळाडू मुलींना हिजाबची मनाई केली होती. धावपटू सूंकांबा सिलाला उद्घाटनाला टोपी घालून वेळ निभावावी लागली. इजिप्तची दुआ एल्घोबाशी मात्र तिथेच हिजाब घालून बीच व्हॉलीबॉल खेळली.

इराणचा दाखला दोन्हीकडचे लेखक देतात, सोयीपुरता अर्धा. १९३६ मध्ये रझाशाहच्या पोलिसांनी भररस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादरी ओढल्या. क्रांतीनंतर, १९८३ मध्ये, डोकं उघडं ठेवणारीला ७४ पर्यंत फटके कायद्यात आले. २०२२ मध्ये हिजाबवरून पकडलेली महसा अमिनी पोलीस कोठडीतून जिवंत परतली नाही. ओढणारा शिपाई आणि पांघरायला लावणाराही शिपाईच.

इकडे चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाबबंदी केली. जूनमध्ये उच्च न्यायालयाने मुलींची याचिका फेटाळली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीला स्थगिती दिली, टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का असं विचारलं, आणि वर्गात बुरखा चालणार नाही हेही बजावलं.

आमचं मत लपवत नाही. बुरखा आम्हाला पसंत नाही. आजीचा गोषाही नव्हता. ती माहेरी जायची तेव्हा बैलगाडीला चहूकडून जाजम बांधत. नदी आली की ती फटीला डोळा लावायची. ते जाजम कुणी कापलं नाही. तिची मुलगी शाळेत गेली, मास्तरीण झाली, पगार घरात आणू लागली, आणि गोषा नेमका कधी सुटला हे आज घरात कुणालाच सांगता येत नाही. मुलीला कॉलेजच्या दारातून परत पाठवलं, तर तिला घरात बसवू पाहणाऱ्याचं काम परस्पर होतं. आणि ‘तिची मर्जी’ म्हणून मोकळे होणाऱ्या आमच्या पुरोगामी मित्रांनी हेही विचारावं की, एक दिवस ती बुरख्याशिवाय बाहेर पडली, तर संध्याकाळी घरात काय होईल? समाजसुधारक हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला, तेव्हा मागणं तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याचं होतं. कापडाचं नव्हतं.

रत्नागिरीकडच्या एक शिक्षिका आमच्या जुन्या वाचक. एसटीत बुरखा, शाळेत पोचल्यावर तो घडी घालून खुर्चीच्या पाठीवर. त्यांना म्हटलं, तुम्हीच लिहा यावर. “संपादकसाहेब, मला दुसरं काही येत नाही असं वाटतं का तुम्हाला?” आठवड्याभरात त्यांचा लेख आला, कोकणी मुसलमानांच्या घरच्या सांदणांवर. यंदा अंकाचा विषय ‘उंबरठा’. सांदणांचा उंबरठ्याशी संबंध काय, असं सहसंपादकांनी विचारलं. काही नाही. लेख फक्कड आहे, पहिल्या पानावर घेतलाय.