हरणारी चेटकीण



नाट्यस्पर्धेत ढाल मिळाली नाही, की तुम्ही मान खाली घालून म्हणता, "आम्ही हरलो." हे मला पटत नाही. का, ते सांगतो.

'अलबत्या गलबत्या' हे रत्नाकर मतकरी (1938-2020) यांचे बालनाट्य मी मुलुंडच्या कालिदास नाट्यमंदिरात पाहिले. त्यातली चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकर करीत. 2018 साली नाटक नव्याने रंगमंचावर आले, तेव्हा ती वैभव मांगले यांनी केली. दोघेही पुरुष, ही गंमत आहेच! गोष्टीत शेवटी चेटकिणीचा पराभव होतो. पण नाटक सुटल्यावर मुलांकडे पाहा. ती चेटकिणीसारखी वाकून, बोटे नाचवीत, खिदळत बाहेर येतात. अलबत्याची नक्कल करणारा एकही मुलगा मला दिसला नाही. मग जिंकले कोण?

तुमच्या उर्दूतही हेच आहे. 'तिलिस्म-ए-होशरुबा'मध्ये जादूगारांचा बादशहा अफ्रासियाब अखेर मारला जातो. तरी ऐकणारे त्याच्या तिलिस्मातच गुंतून पडत. दास्तानगोजवळ ना पडदे, ना रंगीत दिवे. आवाज आणि हातवारे, एवढेच त्याचे भांडवल.

भीती दाखवणे सोपे वाटते, पण तसे नाही. उपनगरातील एका आंतरशालेय स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका गटाने धूर, विजांचा कडकडाट, पांढऱ्या साड्यांतली भुते, सारे काही आणले. प्रेक्षक हसले. दुसऱ्या गटातली एक मुलगी रिकाम्या खुर्चीसमोर कप ठेवून म्हणाली, "अब्बा, चहा थंड होतोय." अब्बा वारले आहेत, हे आम्हांला आधीच्या प्रवेशात कळले होते. सभागृहात पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

ढाल पहिल्या गटाला गेली. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाशयोजना यांना वेगवेगळे गुण होते. त्या शांततेसाठी तक्त्यात रकानाच नव्हता. मीही बेरीज केली आणि खाली सही केली.

निकालानंतर ती मुलगी जिन्याखाली रडत उभी होती. तिच्याशी बोलण्याचा मला धीर झाला नाही. ढाल जिंकणाऱ्या नाटकाचे नाव आज मला आठवत नाही. रात्री एकटा चहा घेताना मात्र समोरच्या खुर्चीकडे पाहायचे मी अजून टाळतो.