तांदळातले ते ‘वेगळे’ दाणे फेकू नका!



जबलपूरच्या आमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी एक दिवस पदराच्या गाठीत थोडे तांदूळ बांधून आल्या. गाठ सोडून मला म्हणाल्या, “बिटिया, देखो तो, ये चावल प्लास्टिक का है क्या?”

रेशनचे तांदूळ होते. त्यात काही दाणे जरा पिवळसर, जरा वेगळेच दिसत होते. मावशींची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. तिच्या पोटात काही भलतंसलतं जायला नको, म्हणून मावशी रोज सुपात तांदूळ घेऊन हे दाणे एकेक करून वेचून टाकत होत्या. आमची आजी ऐकत होती. तीही म्हणाली, “बरोबर केलंस हो. आपण खडे नाही का वेचत?”

मंडळी, मला मात्र वाईट वाटलं. कारण त्या मुलीचं रक्त कमी आहे, असं दवाखान्यात सांगितलं होतं. आणि मावशी नेमके तिच्या कामाचे दाणे फेकत होत्या!

हे दाणे बनतात कसे?

ते प्लास्टिकचे नसतात, तांदळाचेच असतात. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात. ते पीठ आपल्या सोऱ्यासारख्या यंत्रातून दाबून काढतात आणि तांदळाच्या आकाराचे दाणे कापतात. साध्या तांदळाच्या साधारण शंभर दाण्यांत असा एक दाणा मिसळला, की झाला ‘फोर्टिफाइड’ म्हणजे पोषणयुक्त तांदूळ. हे दाणे कधी पाण्यावर तरंगतात, पण शिजल्यावर भातात मिसळून जातात.

हा खटाटोप कशासाठी? गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र करताना कोंड्याबरोबर बरीच जीवनसत्त्वं आणि खनिजंही निघून जातात. आणि गरज तर मोठी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या मध्य प्रदेशात १५ ते ४९ वयाच्या ५४.७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये हे प्रमाण ७२.७ टक्के. १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जाहीर केलं, की रेशन आणि शाळेतलं जेवण यांसारख्या सरकारी योजनांमधून २०२४ पर्यंत असाच तांदूळ दिला जाईल. दाणे घरोघरी पोहोचले, पण ते काय आहेत हे सांगणारं कुणी मावशींपर्यंत पोहोचलं नाही.

आजीला मी मिठाची गोष्ट सांगितली. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात पूर्वी गलगंड खूप असे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून तिथे अभ्यास केला आणि आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवलं. १९६२ साली देशभराचा कार्यक्रम सुरू झाला. आज आपण ते मीठ रोज खातो आणि त्यात काही मिसळलंय हे आठवतही नाही. आजी म्हणाली, “म्हणजे मिठासारखंच की!”

पण एवढ्यावर भागेल का?

नाही, आणि हेही नीट समजून घ्या. नियमाप्रमाणे एक किलो पोषणयुक्त तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे शंभर ग्रॅम तांदळातून जास्तीत जास्त चार मिलिग्रॅमच्या आसपास. प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅमची शिफारस आहे, गरोदर असताना त्याची गरज अधिकच. म्हणून डाळी, पालेभाज्या हव्यातच. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याही सोडायच्या नाहीत.

घरी एवढं करा:

• तांदूळ चोळचोळून धुऊ नका. बेताचं पाणी घाला आणि पेज काढून टाकू नका. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं तिच्याबरोबर जातात.
• वरणभातावर लिंबू पिळा, लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाबरोबर चहा मात्र नको.
• दूध-तेलाच्या पिशवीवर निळं इंग्रजी ‘एफ’ अक्षर आणि अधिकचं चिन्ह दिसलं, तर त्यात ए आणि डी जीवनसत्त्वं घातलेली आहेत असं समजा.
• घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर आहाराबद्दल डॉक्टरांशी बोला. पूर्वी लोहयुक्त अन्नाच्या पाकिटांवर या रुग्णांसाठी इशारा असे. धोक्याचा पुरावा न मिळाल्याने २०२४ मध्ये तो काढला गेला. तरी आपल्या मंडला-दिंडोरीकडे सिकलसेल आढळतो, त्यामुळे तपासणी करून घेतलेली बरी.

त्या दिवशी आम्ही मावशींनी आणलेले मूठभर तांदूळ आमच्याच गॅसवर शिजवले. मावशींनी भात बोटांनी चिवडून पाहिला. वेगळा दाणा काही सापडेना. मग हसून म्हणाल्या, “अब नहीं बीनूँगी.” जाताना आजीने त्यांच्या हातावर दोन लिंबं ठेवली, लेकीसाठी.

तुमच्या शेजारीपाजारी कुणी असे दाणे वेचत असेल, तर रागावू नका. शेजारी बसून एक वाटी भात शिजवून दाखवा.

भेटूया पुढच्या भागात!