कन्सोल आपला, मक्ता त्यांचा

सोनी कंपनीने ‘प्लेस्टेशन व्ह्यू’ ही आपली दूरचित्रवाणी-सेवा ३० जानेवारी २०२० रोजी कायमची बंद केली, त्या घटनेची दखल गेम कन्सोलच्या शौकिनांपलीकडे फारशी कोणी घेतली नाही; आणि तरीही, घरात येणाऱ्या करमणुकीवर अखेर हुकमत कोणाची, या प्रश्नाचा विचार करणाऱ्याला अमेरिकेतील त्या पाच वर्षांच्या प्रयोगाइतका बोधप्रद दाखला क्वचितच मिळेल, असे माझे मत आहे. केबलची तार, केबलवाल्याचा बॉक्स आणि केबलवाल्याशी झालेला दीर्घ मुदतीचा करार या तिन्हींना रजा देऊन, दिवाणखान्यात आधीच असलेल्या खेळाच्या यंत्रावर बातम्या, सामने आणि मालिका थेट दाखविण्याचा तो उपक्रम तांत्रिक अंगाने चांगलाच साधला होता. तो बुडाला तो वाहिन्यांच्या घाऊक बाजारात. आणि तो बाजार समजून घेतल्यावाचून या विषयावर लिहिणे व्यर्थ आहे.

अमेरिकेत केबलचा जन्म १९४८ च्या सुमारास झाला, तो पेन्सिल्व्हेनियासारख्या डोंगराळ मुलखातील लोकांच्या निकडीतून. खोऱ्यात वसलेल्या गावांपर्यंत शहरातल्या प्रक्षेपणाच्या लहरी पोहोचत नसत, म्हणून कोणी टेकडीवर उंच अँटेना उभारून तेथून तार ओढीत घरोघर चित्र पोहोचविले आणि त्याबद्दल माफक वर्गणी घेतली. ही लोकोपयोगी सोय पुढे प्रत्येक गावात एकाच कंपनीच्या मक्तेदारीत कशी परिणत झाली, तो इतिहास दीर्घ आहे. त्याचे फलित मात्र ग्राहकाच्या मासिक देयकावर ओळीओळीने वाचता येत असे. वरच्या ओळीत जाहिरातीत सांगितलेला दर असे. त्याखाली स्थानिक प्रक्षेपण-केंद्रांपोटी आकारलेले शुल्क, त्याखाली प्रादेशिक क्रीडावाहिन्यांचे शुल्क, त्याखाली सेट-टॉप बॉक्सचे भाडे, आणि घरात दोन खोल्यांत दोन संच असतील तर तेच भाडे दुसऱ्यांदा. जाहिरातीतला आकडा आणि प्रत्यक्ष वसूल होणारा आकडा यांत जे अंतर पडत असे ते याच मधल्या ओळींमुळे.

त्यातही बॉक्सचे भाडे मला सर्वांत अन्यायाचे वाटत आले आहे. अमेरिकेच्या दूरसंचार नियामक आयोगाने २०१६ च्या प्रारंभी या प्रश्नाला हात घातला, तेव्हा पुढे आलेली माहिती अशी होती, की पैसे भरून वाहिन्या पाहणाऱ्यांपैकी सुमारे ९९ टक्के लोक बॉक्स भाड्यानेच घेतात आणि सरासरी कुटुंब त्यापायी वर्षाला २३१ डॉलर मोजते. यंत्राची किंमत केव्हाच फिटून गेलेली असते, भाडे मात्र चालूच राहते. आणि सेवा सोडायची झाल्यास तोच जुना बॉक्स त्याच्या वायरी व रिमोटसह कंपनीच्या हवाली करून पावती जपून ठेवावी लागते, नाहीतर त्याची किंमत अखेरच्या देयकात येऊन पडते. वास्तविक, असे यंत्र ग्राहकाला खुल्या बाजारातून विकत घेता यावे, असा आदेश १९९६ च्या दूरसंचार कायद्यातच होता. त्या आदेशाची अंमलबजावणी वीस वर्षे रखडली, आणि २०१६ चा प्रस्तावही निर्णयाला न येताच बारगळला.

कायद्याला जे जमले नाही ते गेम कन्सोलने करून दाखविले, म्हणून त्याचे मला अगत्य आहे. मार्च २०१५ पर्यंत जगभरात सोनीचे दोन कोटींहून अधिक ‘प्लेस्टेशन ४’ कन्सोल विकले गेले होते. दिवाणखान्यातल्या मोठ्या पडद्याला जोडलेले, इंटरनेट असलेले, उच्च दर्जाचे चित्र सहज उलगडणारे आणि मालकाने स्वतःचे पैसे देऊन विकत घेतलेले असे हे यंत्र होते. दूरचित्रवाणीसाठी लागणारे सर्व गुण त्याच्या अंगी खेळांच्या निमित्ताने आधीच जमून आले होते.

या यंत्राचे काय करावे याविषयी दोन कंपन्यांनी दोन वेगळे मार्ग धरले. मायक्रोसॉफ्टने २१ मे २०१३ रोजी ‘एक्सबॉक्स वन’ची घोषणा केली, त्या समारंभात खेळांपेक्षा दूरचित्रवाणीचाच गौरव अधिक झाला. यंत्राच्या पाठीमागे एक जादा छिद्र ठेवलेले होते. त्यात केबलच्या बॉक्सची तार जोडली की तोंडी आज्ञेने वाहिनी बदलता येई आणि कार्यक्रमांची सूची कन्सोलच्याच पडद्यावर दिसे. ही सोय दिसायला नेटकी होती. पण तिने केबलच्या बॉक्सला हात लावला नाही, त्याचे भाडे कायम राहिले आणि ग्राहकाच्या गळ्यात दुसरे एक यंत्र पडले. २०२० साली आलेल्या ‘एक्सबॉक्स सिरीज एक्स’मधून ते छिद्र नाहीसे झाले, यातच त्या कल्पनेचा निकाल लागला. सोनीने धरलेला मार्ग अधिक धाडसाचा होता. तिने वाहिन्यांच्या मालकांशी थेट करार केले आणि १८ मार्च २०१५ रोजी न्यूयॉर्क, शिकागो व फिलाडेल्फिया या तीन शहरांत दरमहा ४९.९९ डॉलरपासून सेवा सुरू केली. बॉक्स नाही, तंत्रज्ञाची घरभेट नाही, वर्षभराचे बंधन नाही, आणि नको वाटेल त्या महिन्यात सेवा सोडण्याची पूर्ण मुभा.

ही सेवा वापरताना जो अनुभव येई तो केबलच्या कारभाराला सरावलेल्या माणसाला नवा होता. आवडत्या मालिकेवर एकदा खूण केली की तिचे सारे नवे भाग आपोआप दूरच्या संगणकांवर साठत आणि अठ्ठावीस दिवस उपलब्ध राहत. घरात त्यासाठी कसलीही तबकडी फिरत नसे. पुढे पुढे तर एकाच पडद्याचे भाग पाडून तीन वाहिन्या एकाच वेळी समोर ठेवण्याची सोयही झाली, आणि एकाच दुपारी अनेक सामने चालू असताना तिचे मोल काय होते हे क्रीडाप्रेमी माणसालाच विचारावे: बाण ज्या चौकटीवर न्यावा त्या चौकटीचा आवाज ऐकू येई, बाकीच्या दोन मूकपणे चालू राहत.

उणिवाही होत्या, आणि त्या लपविण्याचे कारण नाही. खेळासाठी घडविलेला कंट्रोलर काही वेळ स्पर्श झाला नाही की निद्रिस्त होतो. आवाज कमी करायला हात पुढे करावा, तर आधी त्याला जागे करणे आले. थेट प्रक्षेपण इंटरनेटवरून येताना त्याचे काही सेकंदांचे लहान तुकडे पाडले जातात आणि ते तुकडे पुरेसे जमल्यावरच चित्र चालू होते. साहजिकच हे चित्र केबलच्या मागे राहते, आणि शेजाऱ्याच्या घरातून उठलेला जल्लोष आपल्या पडद्यावरच्या गोलाच्या आधी कानी येतो. विजेचा प्रश्न याहून गंभीर. एका अमेरिकन पर्यावरण-संस्थेने २०१४ साली केलेल्या मोजणीत असे आढळले, की एखादा चित्रपट इंटरनेटवरून दाखविण्यासाठी त्या पिढीचे कन्सोल ‘ॲपल टीव्ही’ किंवा ‘क्रोमकास्ट’सारख्या छोट्या उपकरणांच्या तीस ते पंचेचाळीस पट वीज खातात. दिवसाचे पाच-सहा तास वृत्तवाहिनी चालू ठेवणाऱ्या घराने हा हिशेब अवश्य करावा. सोनीने स्वतःही ही मर्यादा जणू मान्य करून २०१५ च्या अखेरीपासून आपली सेवा इतरांच्या छोट्या उपकरणांवर खुली केली.

परंतु या उणिवा सुधारता येण्याजोग्या होत्या. जे सुधारता आले नाही ते वाहिन्यांच्या मालकांचे वर्तन. सेवा सुरू झाली तेव्हा डिस्नेच्या वाहिन्या, म्हणजेच क्रीडाप्रेमींची ‘ईएसपीएन’ही, तिच्यात नव्हत्या, त्या येण्यासाठी वेगळा करार व्हावा लागला. व्हायाकॉम या कंपनीने सर्वांआधी करारावर सही केली होती, तिच्या वाहिन्या नोव्हेंबर २०१६ मध्ये निघून गेल्या. मार्च २०१६ मध्ये देशभर विस्तार करताना सोनीने जेथे स्थानिक केंद्रांचे थेट प्रक्षेपण देता येत नव्हते तेथे २९.९९ डॉलरांचा स्वस्त दर ठेवला. पुढच्याच वर्षी तो काढून घेऊन किमान दर ३९.९९ डॉलर केला, २०१८ मध्ये ४४.९९, २०१९ मध्ये ४९.९९. सेवा गुंडाळताना कंपनीने दिलेल्या निवेदनाचा आशय असा होता, की वाहिन्यांचे व प्रक्षेपणजालांचे करार फार महाग आहेत आणि हा व्यवसाय आपल्या अपेक्षेइतक्या वेगाने बदलला नाही.

वाहिन्यांच्या मालकाची पद्धत अशी, की लोकांना हवी असलेली एक वाहिनी सुटी द्यायची नाही. तिच्यासोबत दुय्यम वाहिन्यांचा गठ्ठा घ्यायलाच लावायचा, आणि हा गठ्ठा बहुसंख्य वर्गणीदारांच्या घरी पोहोचलाच पाहिजे अशी अट करारात घालायची. मीठ हवे असेल तर पोतेभर डाळही उचलावी लागेल, आणि तीही आळीतल्या प्रत्येक घराने, असे वाण्याने बजावावे तसा हा व्यवहार आहे. मग तो गठ्ठा केबलच्या तारेतून जावो, उपग्रहावरून उतरो, की कन्सोलच्या ॲपमधून येवो. घाऊक दर तोच राहतो, आणि नव्या विक्रेत्याला फार तर आपला नफा सोडून देता येतो. सोनीने तो सोडून पाहिला. केबल कंपनीला निदान त्याच तारेवरून इंटरनेट विकून तोटा भरून काढता येतो. सोनीजवळ तसा आधारही नव्हता.

याला तोड कायद्यातच आहे, आणि ती एकदा वापरूनही झाली आहे. अमेरिकन काँग्रेसने १९९२ साली राष्ट्राध्यक्ष बुश यांचा नकाराधिकार डावलून जो केबल-कायदा संमत केला, त्यात केबल कंपन्यांच्या मालकीच्या वाहिन्यांनी स्पर्धक विक्रेत्यालाही माल नाकारू नये असे बंधन होते. दोनच वर्षांनी सुरू झालेल्या ‘डायरेक्टटीव्ही’च्या उपग्रह-सेवेला बाजारात पाय रोवता आले त्यात या तरतुदीचा वाटा मोठा होता. त्याच कायद्याने स्थानिक प्रक्षेपण-केंद्रांना पुनःप्रक्षेपणाबद्दल पैसे मागण्याचा अधिकारही दिला, जो पुढे ग्राहकाच्याच देयकावर वेगळी ओळ होऊन बसला. म्हणजे हा कायदा निर्दोष नव्हता. पण इंटरनेटवरून थेट वाहिन्या विकणाऱ्याला केबल व उपग्रहाच्या बरोबरीचा विक्रेता मानून तेच हक्क आणि तीच कर्तव्ये लागू करावीत, असा प्रस्ताव नियामक आयोगाने डिसेंबर २०१४ मध्ये, सोनीची सेवा उंबरठ्यावर असताना, मांडला होता. त्याचा नियम कधी झालाच नाही. त्याच वर्षीच्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘एरिओ’ या कंपनीविरुद्ध सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला होता. प्रत्येक वर्गणीदारासाठी नाण्याएवढा स्वतंत्र अँटेना राखून ती हवेतले मोफत प्रक्षेपण इंटरनेटवरून पोहोचवीत असे. त्या निकालानंतर नव्या विक्रेत्याला वाहिन्यांच्या मालकांच्या दारी जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि त्या दारी त्याच्या हाती कोणताही कायदेशीर हक्क नव्हता.

सोनीची जागा आज प्रामुख्याने ‘यूट्यूब टीव्ही’ने घेतली आहे, आणि तीही कन्सोलवर चालते. एप्रिल २०१७ मध्ये तिचा मासिक दर ३५ डॉलर होता. जानेवारी २०२५ मध्ये तो ८२.९९ डॉलर झाला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरपासून डिस्नेशी करार न जुळल्यामुळे तिच्या वर्गणीदारांना जवळपास दोन आठवडे ‘ईएसपीएन’ आणि ‘एबीसी’ दिसू शकल्या नाहीत. अगदी असाच तंटा २०२३ च्या सप्टेंबरमध्ये चार्टर या केबल कंपनीच्या ग्राहकांनी सोसला होता. गूगलसारख्या बलाढ्य मालकाच्या सेवेची जर ही गत, तर केबलला पर्याय मिळाला असे कशाच्या आधारावर म्हणावे?

आपल्याकडे या प्रश्नाची तड वेगळ्या रीतीने लावण्याचा यत्न झाला, म्हणून त्याचा उल्लेख येथे प्रस्तुत ठरतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक वाहिनीचा सुटा दर जाहीर करणे मालकांना भाग पडले, आणि पहिल्या शंभर वाहिन्यांच्या वहनाचे शुल्क कमाल १३० रुपये ठरले. पहिल्या महिन्यांत घरोघर गोंधळ उडाला, केबलवाल्याने भरून आणलेल्या यादीवर पुष्कळांनी नुसती सही केली, आणि अनेकांचे देयक वाढले, हे सगळे खरे आहे. तरीही अमुक एका वाहिनीची किंमत अमुक इतके रुपये, हे नाशिकच्या किंवा सोलापूरच्या ग्राहकाला नेमके कळते. न्यू जर्सीच्या ग्राहकाला आपल्या गठ्ठ्यातील ‘ईएसपीएन’पोटी किती डॉलर गेले हे त्याच्या देयकावर कोठेही छापलेले नसते. हा भेद मला मूलभूत वाटतो, आणि अमेरिकेने या बाबतीत तरी भारताचे अनुकरण करावे असे मी निःशंकपणे म्हणेन.

तूर्त, अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या आप्तांपैकी कोणी केबल सोडण्याच्या विचारात असेल, तर त्याने कन्सोलवरील महागड्या सेवेची दरखास्त भरण्याआधी खिडकीशी लावायचा साधा अँटेना विकत घ्यावा. ‘एबीसी’, ‘सीबीएस’, ‘एनबीसी’ आणि ‘फॉक्स’ यांची स्थानिक केंद्रे शहरांच्या परिसरात हवेतून आजही विनामूल्य मिळतात, त्यांचे चित्र बहुधा केबलहूनही स्वच्छ असते, आणि ‘एक्सबॉक्स वन’साठी तर हा अँटेना थेट कन्सोलला जोडणारा छोटा ट्यूनरही मिळत असे. क्रीडावाहिन्यांसाठी वर्गणी घ्यायचीच, तर ती हंगामापुरती घ्यावी आणि अखेरचा सामना संपला की त्याच रात्री रद्द करावी. वार्षिक बंधन नाही ही सोनीने सुरुवातीपासून पाळलेली अट ‘यूट्यूब टीव्ही’सारख्या सेवांनी अजून तरी टिकवून धरली आहे, आणि ग्राहकाच्या हाती आज उरलेले खरे बळ तेवढेच आहे.