पॅनल मोजले, हजेरी कोण मोजणार?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 आली 2023 मध्ये. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभे करायचे, अशी ही योजना. त्यातला पहिला प्रकल्प 2024 मध्ये ढोंदलगावला सुरू झाला, 3 मेगावॅटचा. जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरवर्षी 3 टक्के वाढ, हा हिशोब आता नायगावच्या चहाच्या टपरीवरही तोंडपाठ आहे. पण तिथे वायर जोडणाऱ्या पोराच्या मजुरीचा हिशोब कुणाला येतो का? खरं सांगायचं तर त्या पोरालाही येत नाही.

माझा चुलतभाऊ आयटीआयचा वीजतंत्री. त्याने एका ठेकेदाराकडून 1 मेगावॅटच्या डीसी वायरिंगचं काम 'उक्तं' घेतलं. पॅनल मोजले, अंदाजाने आकडा सांगितला आणि शेवटी पदरचे पैसे घालून गड्यांची मजुरी भागवली. नंतर आम्ही दोघं वही घेऊन बसलो. तुम्हीही बसा, गणित दहावीच्या पुढचं नाही.

पॅनल 540 वॅटचे, 28 ची एक माळ. म्हणजे 66 माळा, 1848 पॅनल. प्रत्येक माळेच्या दोन वायरी इन्व्हर्टरपर्यंत, प्रत्येकीला दोन टोकं. एकूण 264 कनेक्टर. कापणं, सोलणं, क्रिंप करणं, ओढून बघणं, एकाला 5 मिनिटं धरली तर 22 तास, म्हणजे जेमतेम 3 हजेऱ्या. भावाला वाटलं होतं, हेच मोठं काम.

वेळ खाल्ला वायर ओढण्याने. इन्व्हर्टरपर्यंत सरासरी 80 मीटर धरा, दोन वायरींचे 160. गुणिले 66, म्हणजे साडेदहा किलोमीटर! चौघांनी दिवसाला 600 मीटर ओढून, बांधून, नंबर टाकून दिली तरी 70 हजेऱ्या. पॅनल एकमेकांना जोडून वायर वर बांधायला प्रत्येकी 3 मिनिटं, त्याच्या साडेअकरा. माळांचं व्होल्टेज आणि पोलॅरिटी तपासायला दोघं, माळेला पाव तास, त्याच्या 4. बेरीज 89 च्या आसपास. एसी केबल, अर्थिंग, चर खोदणं यात धरलेलंच नाही.

आणि हे सगळं सावलीत बसून काढलेलं गणित. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पॅनलच्या पत्र्याला हात लावून बघा. आठ तासांतले सहाच कामाचे धरले, तर 89 च्या 119 हजेऱ्या होतात. 700 रुपये रोजाने 21 हजारांचा फरक, फक्त उन्हामुळे. पाऊस पडला की काळ्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुततो, तो फरक वेगळाच.

ठेकेदार म्हणतात, 'मेगावॅटला इतके' हा बाजारभाव आहे, परवडत नसेल तर दुसरे आहेत. असतील. पण अंदाज चुकला की पहिला कात्रीत सापडतो तो तपासणीचा वेळ. इथे तर पॅनलचा खटका बंद करता येत नाही. ऊन आहे तोवर माळेत हजार-बाराशे व्होल्ट डीसी असतातच. घाईत ढिला क्रिंप राहिला तर ठिणगी पडते, आणि डीसीची ठिणगी सहजी विझत नाही. म्हणून मजुरीचा अंदाज हा माझ्या मते सुरक्षेचाच कागद आहे, आणि काम देणाऱ्याने दर ठरवायच्या आधी तो मागितला पाहिजे. आयटीआयमध्ये घराच्या वायरिंगचा अंदाज काढायला शिकवतात. तिथेच माळा, मीटर आणि हजेरीचा हाही तक्ता शिकवायला काय हरकत आहे?

भावाने आता दुसऱ्या कामाचा दर दिलाय, मीटरवर. खाली दोन ओळी स्वतः लिहिल्यात: स्ट्रक्चर तयार नसेल तर थांबलेल्या दिवसाची हजेरी वेगळी, आणि दुपारी 12 ते 3 काम बंद. ठेकेदाराचं उत्तर अजून आलेलं नाही.