आधी हुक, मग बोर्ड!



फूड ट्रेलर घ्यायचं ठरलं की घरात चर्चा होते ती रंगाची, लायटिंगची आणि नावाच्या बोर्डाची. पिकअपच्या मागे तो जोडायचा कसा, हे मात्र आपण फॅब्रिकेटरवर सोडून मोकळे होतो. माझं स्पष्ट मत आहे, हे उलटं चाललंय. रस्त्यावर तुमचं सगळं भांडवल एका हुकावर लटकलेलं असतं. पहिला पैसा तिथे घाला.

हिशेब साधा आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर आला पाहिजे. कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. फार जास्त आला तर गाडी मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही.

एक उदाहरण घेऊ. ट्रेलर ८०० किलोचा, हुकावर भार १०० किलो. म्हणजे उत्तम. आता अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे २०० लिटरची पाण्याची टाकी भरली. हुक अ‍ॅक्सलपासून अडीच मीटर पुढे असेल, तर त्यावरचे ८० किलो उचलले जातात. राहिले फक्त २०! एकूण वजन मात्र १००० किलो झालं. तीच टाकी अ‍ॅक्सलच्या बरोबर वर बसवली असती तर भार १०० किलोच राहिला असता, म्हणजे १० टक्के. खर्च तेवढाच, फरक फक्त जागेचा. म्हणून टाकी, फ्रीज, भट्टी कुठे बसणार हे वेल्डिंगच्या आधी ठरवा.

"गाडी बसतेय? एक जादा पाटा टाकू," असा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. पाट्याने गाडी उंच दिसेल, पण तिचे ब्रेक, टायर आणि अ‍ॅक्सल तेच राहतात. कंपनीने दिलेली ओढण्याची मर्यादा पाट्याने वाढत नाही. आधी सामान नीट लावा, टायरची हवा तपासा, हुकाची उंची अशी ठेवा की ट्रेलर सपाट उभा राहील. मग गरज उरली तरच पाट्याचा विचार.

पहिल्या फेरीआधी पूर्ण भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर न्या. चाकांना ठोकळे लावून दांडा नेहमीच्या उंचीवर प्लॅटफॉर्म काट्यावर टेकवा आणि हुकावरचा भार मोजा. दोन सेफ्टी चेन दांड्याखाली एकमेकींवरून तिरक्या लावा. ट्रेलरचीही आरटीओत नोंदणी लागते, ती टाळू नका.

आणि खंबाटकीचा उतार असो की साधा हायवे, ट्रेलर हलू लागला तर घाबरून कचकन ब्रेक मारू नका. स्टिअरिंग सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या.

बोर्ड पुढच्या महिन्यातही रंगवता येईल. ट्रेलर उलटला तर धंदाच नाही, समोरून येणाऱ्या कुणाचं तरी घरही उघड्यावर येतं.