मशीनची पावडर संपली तर?

आपल्यापैकी पुष्कळजणी चार घरची भांडी घासून स्वतःचा संसार चालवितात. पूर्वी या कामाला राख, काथ्या आणि मनगटातला जोर एवढेच लागत असे. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत घरकामाला जाणे बंद झाले आणि तेव्हापासून शहरातल्या बऱ्याच घरांत भांडी धुण्याचे मशीन, म्हणजे डिशवॉशर, आले. टाळेबंदी उठल्यावर आपल्या भगिनी पुन्हा कामावर गेल्या. आता मशीन भरणे, चालू करणे, धुतलेली भांडी जागेवर लावणे हे कामही त्यांच्याच वाट्याला आले आहे. पण ते मशीन चालते कसे, हे नीट समजावून सांगणारी घरे थोडीच.

आमच्या चाळीतल्या एका ताईंचेच पाहा. मालकीणबाई ऑफिसला गेलेल्या, मशीनच्या पावडरचा डबा रिकामा. ताईंनी विचार केला, साबण तो साबण! ओट्यावरच्या बाटलीतले भांडी घासायचे लिक्विड त्यांनी मशीनच्या कप्प्यात ओतले आणि बटण दाबले. थोड्याच वेळात दाराच्या फटीतून फेस बाहेर येऊ लागला. लादीवर फेस, कपाटाखाली फेस, आणि मशीन मध्येच बंद! दुरुस्तीचा खर्च त्यांच्या पगारातून कापून घेतला गेला. त्या रात्री ताई माझ्याकडे येऊन बसल्या. म्हणाल्या, "माई, मी चोरी केली नाही, कामात कुचराई केली नाही. मग माझं चुकलं कुठं?"

त्या वेळी मलाही उत्तर देता आले नाही. मग मशीनबरोबर मिळणारे माहितीपुस्तक मागवून वाचले, जाणकारांना विचारले. जे समजले ते आज सर्वांसाठी लिहीत आहे.

या मशीनमध्ये घासणी नसते. आत फिरणारे पाते असते, त्याला भोके असतात. त्यातून गरम पाण्याचे जोरदार फवारे भांड्यांवर बसतात. तेच पाणी तळाच्या गाळणीतून जाऊन पंपाने पुन्हा पुन्हा फिरविले जाते. म्हणजे येथे फेसाला कामच नाही. उलट फेस झाला की पंपात पाण्याऐवजी हवा जाते, फवाऱ्याचा जोर जातो आणि पाणी बाहेर गळते. पुष्कळ मशीनमध्ये गळती झाली की यंत्र आपोआप थांबण्याची सोय असते. ताईंचे मशीन थांबले ते त्यामुळेच असावे.

मशीनची पावडर वेगळी असते ती यासाठीच. तिला फेस जवळजवळ येत नाही. तिच्यात मुख्यतः धुण्याच्या सोड्यासारखा अल्कली पदार्थ असतो. तो तेलकटपणा तोडतो. भाताचा स्टार्च आणि डाळ-अंड्याचे प्रथिन सोडविण्यासाठी विकरे असतात, आणि चहाचे डाग घालविणारा पदार्थही असतो. आपल्या आजीची राखसुद्धा अल्कलीच. तेलकट कढईला ओली राख लावली की तेलाचा थोडाफार साबण होतो आणि चिकटपणा सुटतो. मोठ्या कारखान्याची पावडर आणि आजीची राख, दोहोंमागचे शास्त्र एकच आहे! मात्र राख मशीनमध्ये कधीच टाकू नये. तिच्या कणांनी फवाऱ्याची भोके आणि गाळणी तुंबतात.

आता मुख्य प्रश्न. पावडर नसेल तर काय करावे?

सर्वांत बिनधोक उपाय म्हणजे काहीच न घालता, नुसत्या गरम पाण्यावर मशीन चालविणे. पाण्याचे ग्लास, चहाचे कप, फारसे तेल न लागलेल्या ताटल्या आधी विसळून लावल्या तर बऱ्यापैकी निघतात. पण रस्सा, तूप, मटणाची भांडी नुसत्या पाण्याने निघत नाहीत. ते तेल आत फिरून इतर भांड्यांना लागते आणि गाळणीत साचते. ती भांडी सरळ हाताने घासावीत.

दुसरा उपाय खाण्याच्या सोड्याचा. एखादा चमचा कप्प्यात घातला तर थोडी मदत होते, फेस होत नाही. पण हा सोडा सौम्य आहे, त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये. धुण्याचा सोडा अधिक जोरदार, पण तो हाताला लागतो आणि ॲल्युमिनियमची भांडी काळी पाडतो. मालकीणबाईंना विचारल्याशिवाय तो वापरू नये. हे सारे एखाद्या वेळची नड भागविण्यापुरते, रोजचे नव्हे.

व्हिनेगर किंवा लिंबू सोड्याबरोबर घालण्याचा सल्ला कोणी देतात. एक आम्ल, दुसरा अल्कली. दोघे एकमेकांचा जोर मारतात, बुडबुडे तेवढे दिसतात. रोज आम्ल घातले तर मशीनचे रबरही खराब होते. ब्लीचचे पाणी तर मुळीच नको. त्याने स्टील खराब होते, आणि ते व्हिनेगरमध्ये मिसळले तर विषारी वायू निघतो.

मिठाबद्दलही गैरसमज आहे. मशीनच्या तळाशी मिठाचा कप्पा असतो. ते मीठ भांडी धुण्यासाठी नसून बोअरिंगचे जड पाणी मृदू करणाऱ्या भागासाठी असते. त्यात मशीनचेच जाड मीठ घालावे, जेवणातले बारीक मीठ नको. आणि त्या कप्प्यात चुकून पावडर पडली तर तो भाग कायमचा बिघडू शकतो.

एवढे ध्यानात ठेवा :

१. भांड्यांचे लिक्विड, साबणाची वडी, कपड्यांची पावडर मशीनमध्ये घालू नका.

२. फेस झालाच तर घाबरू नका. आधी भिंतीवरचे बटण बंद करा. लादी ओली असेल तर ती पुसून मगच मशीनला हात लावा. मग दार उघडून फेस वाटीने काढा, वर थोडे मीठ भुरभुरा, थंड पाणी शिंपडा. फेस बसल्यावर पाणी उपसण्याचे बटण दाबून ते काढून टाका.

३. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ, लोखंडी तवा, पोळपाट-लाटणे मशीनमध्ये लावू नका.

४. मशीनची पावडर जहाल असते. लेकरांच्या हाती लागू देऊ नका. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखान्यात जा.

५. नवीन घरी काम धरताना मशीन समोर उभे राहून शिकवायला सांगा. पावडर संपली तर काय करायचे, हेही त्याच वेळी विचारा.

शेवटी एक गोष्ट. हे मशीन प्रथम नीट चालवून दाखविले ते एका बाईने. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन यांना त्याचे पेटंट १८८६ साली मिळाले. नोकरांच्या हातून किमती बशांचे कपचे उडतात, म्हणून त्यांनी हे यंत्र काढले असे सांगतात. म्हणजे भांडी घासणाऱ्या हातांवरचा ठपका या यंत्राच्या जन्मापासूनचा आहे! पण यंत्रालाही भरणारे, पुसणारे, सांभाळणारे हात लागतातच.

ताईंना मी हे सारे समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकीणबाईंना शांतपणे म्हटले, "बाई, मला शिकवलं असतं तर असं झालं नसतं." बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग कपाटातून माहितीपुस्तक काढून दोघी मशीनसमोर बसल्या. पुढच्या महिन्यात कापलेले पैसेही परत मिळाले.

तेव्हा भगिनींनो, न कळलेले विचारण्यात कमीपणा मानू नका. ज्याने शिकविलेच नाही, त्याला पगार कापण्याचाही अधिकार नाही.